भुऱ्या यात्रेला गेला तेव्हा

कृपा हा शब्द मी फार जपून वापरते. माझं काम गावोगाव पत्रकं वाटायचं. दारू, हुंडा, करणी, मंतरलेलं पाणी, या सगळ्यांविरुद्ध. सभेत कुणी 'बाई, जरा हळू बोला' म्हटलं की मी आणखी मोठ्यानं बोलते. हे पान वाचून आमच्या मंडळातली मंडळी हसतील, हे मला ठाऊक आहे. हसोत. घडलं ते माझ्या आईच्या जिवावर बेतलेलं होतं, आणि त्याच्या मध्यभागी एक कुत्रा होता.

आंधळगावच्या आमच्या घरी कुत्रं नाही असं वर्ष मला आठवत नाही. मी शाळेत जायला लागले तेव्हा मोती होता. पांढराशुभ्र, एका कानाचा तुकडा गेलेला. धान कापून खळ्यावर आलं की बाबांच्या अंथरुणाशी झोपायचा. एका हिवाळ्यात बिबट्यानं त्याला नेलं. जमिनीवर रक्त आणि ओढत नेल्याची लांब खूण, एवढंच राहिलं. मी जंगल खात्याच्या गार्डाला रस्त्यात गाठून विचारलं, "तुमचा बिबट्या आमचा कुत्रा काहून खाते?" तो हसला. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

मोतीनंतर शेरू आला. तो माझ्या सायकलीमागे शाळेपर्यंत धावायचा, आणि तुमसरच्या रस्त्यावर मँगनीजच्या ट्रकखाली गेला. वर्गातल्या मुली गोळा करून मी संध्याकाळपर्यंत रस्ता अडवून बसले. माझं पहिलं आंदोलन तेच. दोन्ही वेळा मला दोषी हवा होता, नाव हवं होतं, जाब हवा होता. माय मात्र दोन्ही वेळा गायमुखाच्या महादेवाच्या दिशेला हात जोडून उभी राहिली. महादेवाशी ती शेजारणीशी बोलावं तशी बोलते. मला ते बघवायचं नाही. ज्यानं नेलं त्यालाच हात काय जोडायचे?

तिसरा भुऱ्या. रंग मातीचा, डोळे पिवळे, स्वभाव हट्टी. शिवरात्रीला आमच्या गावाचा पोहा, म्हणजे यात्रेकरूंचा जथा, डफ वाजवत पायी गायमुखाला जातो. माय दरवर्षी पोह्यात असायची आणि तिच्या पायाला लागून भुऱ्या. मी जाणं सोडलं होतं. महादेवानं एकाही गावची दारू बंद केल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं.

त्या वर्षी गावात पिसाळलेल्या कुत्र्याची दहशत होती. ते चावून एक वासरू मेलं होतं. अशात भुऱ्या दोन दिवस काही खाईना, कोपऱ्यात तोंड खुपसून बसला. मायनं भाताची थाळी सरकवली तर तो उसळून तिच्या हाताला चावला. तळव्यात दात रुतले.

दुपारपर्यंत अंगणात लाठ्या जमल्या. पुढे आमचे शेजारी सदाशिवकाका.

"पोरी, बाजूले हो. कुत्रा पिसाळला."

"काका, कोणी सांगतलं तुमाले?"

"चावला ना! आणखी काय पाहिजे?"

"मग याले मारून टाकल्यावर मायले काय झालं अन् काय नाई झालं, हे कोण सांगन? तुमी?"

मागून कुणीतरी ओरडलं, "पत्रकवाली पोरगी हाये बाप्पा, कुत्र्याचीबी सभा घेईन!" सगळे हसले. एकानं मंतरलेल्या पाण्याचं सुचवलं, त्याला मी असं काही बोलले की ते इथे लिहिता येणार नाही. मी स्वतः वाटलेल्या पत्रकातच होतं: चावलेला कुत्रा मारू नका, बांधून ठेवा, दहा दिवस लक्ष ठेवा. जगला तर माणूस निर्धास्त. गेली कित्येक वर्षं लोक नेमकी उलटी चूक करत आले आहेत, कुत्रा मारून मोकळे होतात आणि मग माणसाकडे बघत भीतीनं अर्धे मरतात. मी भुऱ्यापुढे उभी राहिले. माय ओट्यावरून हाताला फडकं गुंडाळत म्हणाली, "सदाशिवभाऊ, माहा हात हाये, माहा कुत्रा हाये. जा घरी. चाय प्यायची असन तं थांबा." लाठ्या गेल्या. काका चहाला थांबले.

बाबा मायला घेऊन भंडाऱ्याला मावशीकडे गेले. पोटात रोज सुई. डॉक्टर म्हणाले, सुया चालू ठेवू, कुत्रा मुदतभर धडधाकट राहिला तर थांबवू. कुत्रा सांभाळायचं काम माझं. गोठ्यातल्या खांबाला दोराचा दुहेरी वेढा. चार दिवसांत भुऱ्या पुन्हा खायला लागला, तेव्हा वाटलं, जिंकलं.

मग, मुदत भरायच्या आदल्या दिवशी, शिवरात्रीचा पोहा निघाला. आमच्या दारावरून डफ गेला आणि भुऱ्या रडल्यासारखा ओरडू लागला. मी त्याला पाणी दाखवलं, रागावले, दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं गोठ्यात पाहिलं तर दोर कुरतडलेला, कुडाला भोक, भुऱ्या नाही.

गाव म्हणालं, सुटला, आता कुणीतरी हाणला असेल. मी तलावाची पाळ पालथी घातली, लाखोळीची शेतं, वीटभट्ट्या, नाल्याचा काठ. ज्याच्या हातात लाठी दिसे त्याच्याशी भांडले. खरं तर मला भुऱ्याइतकाच त्याला मारणारा हवा होता. तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या बसच्या कंडक्टरकडून बाबांचा निरोप आला. मायला ताप आहे, पायांना मुंग्या येतात, उभं राहिलं तर पाय लटपटतात. डॉक्टर म्हणतात हे सुयांमुळेच आहे, पुढे दिल्या तर पाय कायमचे जायची भीती, आणि बंद करायच्या तर कुत्रा जिवंत असल्याचं कळायला हवं. कुत्रा कसा आहे, लगेच कळव.

कुत्रा कसा आहे! मी काय कळवणार होते? खोटं सांगून सुया थांबवल्या आणि भुऱ्या खरंच पिसाळलेला निघाला, तर माय हातची जाणार. खरं सांगितलं तर सुया चालू राहणार आणि पाय जाणार. पत्रकात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी सायकल पाळीवर आडवी टाकली आणि बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे भांडायला कुणी उरलं नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, "मह्यानं होऊन नाई राहिलं आता. तूच पाहा." कुणाला म्हणाले ते मला त्या क्षणी नीट माहीत होतं. हात जोडले नाहीत, तेवढा ताठा शिल्लक होता. पण धावायची इच्छा पूर्ण गेली. मी तिथेच बसून राहिले.

बराच वेळ गेला. पाळीवरून यात्रेहून परतणारी दोनचार माणसं आली. त्यांतली एक म्हातारी मला ओळखत होती.

"अवो, तुमचा भुऱ्या गायमुखाले आला होता. देवळात घुसू घुसू पाहे. लोकं गोटे मारून राहिले होते बिचाऱ्याले. तुही माय नाई आली का वो यंदा?"

गायमुखापर्यंत सायकल कशी हाकली ते आठवत नाही. पोचले तेव्हा यात्रा उठत होती. पालं उतरत होती, दमण्या, म्हणजे बैलांच्या हलक्या गाड्या, जुंपल्या जात होत्या. देवळाभोवती फिरले, कुंडापाशी गेले, हाका मारल्या. आणि मग ओळखीचं भुंकणं. मुरमुरे-फुटाण्याच्या एका उठलेल्या दुकानाजवळ खुंटीला भुऱ्या बांधलेला. गळ्यात हिरव्या लुगड्याची फाडलेली पट्टी. शेजारी पोत्यावर पन्नाशीची एक बाई बसलेली, आणि तिच्याबरोबरचा माणूस बैलांच्या शेजारी उभा राहून तिला बोलत होता, "कालच निंगणार होतो, कुत्र्यापायी आज बी नाई निंगत! तुले महादेवानं कुत्रा राखाले ठेवलं का?"

मी गुडघ्यांवर बसले. ओंजळीत पाणी घेतलं. भुऱ्या सगळं पाणी प्याला आणि वर माझं तोंड चाटलं. पाण्याला घाबरला नाही, लाळ नाही, डोळे स्वच्छ. मुदत आदल्या दिवशीच भरली होती.

"बाई, तुमी याले काहून बांधला?" मी विचारलं.

"हा कोणाले तरी शोधून राहिला होता. म्या म्हटलं, याचंबी कोणी याले शोधत असन. दोघंही हिंडत राहिले तं भेटतीन कवा? म्हून एकाले बसवला." मग माझ्याकडे निरखून म्हणाली, "लयच उशीर केला बाई तू. पायलीभर मुरमुरे खाल्ले यानं."

मी पैसे काढले तर तिनं हात झटकला. नाकाडोंगरीची आहे म्हणाली, आणि दमणीत चढली.

भुऱ्याला घरी आणून कोठीत कोंडलं. राखायला सदाशिवकाका बसले, स्वतःहून, लाठी न घेता. मी पहिल्या बसनं भंडाऱ्याला गेले. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "स्वतः पाहिलास? खातो? पाणी पितो?" मी म्हटलं, माझ्या ओंजळीतून प्याला. त्यांनी त्या दिवसाची सुई परत ठेवायला लावली. मायचे पाय पुरते यायला पावसाळा उजाडला, पण आले. ती आजही रोवणीला चिखलात उभी राहते, आणि मुलींना घाई करा म्हणून ओरडते.

अशा अनुभवांत शेवटी ती बाई कुणाला ओळखीची नसते, त्या नावाचं गावात कुणी नसतं, असं मी वाचलेलं आहे. मी स्पष्ट सांगते, ती आहे. मी नाकाडोंगरीला जाऊन तिला भेटले. तिनं चहा दिला, आणि मुरमुऱ्यांची तक्रार पुन्हा केली. मी विचारलं, दोन दिवस थांबावंसं का वाटलं? म्हणाली, "आता काय सांगू? नाई उठवलं जागेवरून." मी खोदून विचारलं नाही. मी सवाल करणारी बाई आहे, तरी नाही विचारलं. कृपेला माणसाचं तोंड असलं, ती कुरकुरली, तिला घरी जायची घाई असली, म्हणून ती कमी होत नाही. उलट मला तीच पटते. आणि मला हेही पटलं आहे की मी पाळीवर बसले नसते, तर त्या म्हातारीशी माझी गाठ पडली नसती. मी आणि भुऱ्या दोन दिशांना हिंडत राहिलो असतो.

पत्रकं मी अजून वाटते. मंतरलेल्या पाण्याविरुद्ध तर दुप्पट जोरानं. पण शिवरात्रीला पोह्यात जाते.

भुऱ्या गेल्या उन्हाळ्यात गेला. म्हातारपणानं, ओट्यावर, मायच्या सावलीत. बांधाजवळ खड्डा मी खणला. सवयीनं मी रागवायला कुणी सापडतं का पाहिलं. कुणीच नव्हतं. मायनं माती लोटली, गायमुखाकडे तोंड केलं आणि नेहमीच्या शेजारणीच्या आवाजात म्हणाली, "नेलं तं नीट सांभाळ. भात गरम दे, शिळा खात नाई तो. अन् डफ वाजला का सोडून देत जा."

मी तिच्या शेजारी उभी होते. मी हात जोडले.