धोंड्याच्या पहिल्या ताटाची लढाई

माझ्या डोक्यात एवढं ज्ञान ठासून भरलंय, की सर्दी झाली तर नाकातून इतिहास गळतो. नांदेडात मला प्रश्न घालायची कुणाची छाती नाही. लातुरात मात्र एक प्राणी आहे: माझा साडू.

आमच्या बायका जुळ्या. दोघींची लग्नं एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर लागली. आधी कोण जन्मली, हे सासूबाई मेल्या तरी सांगणार नाहीत. त्यामुळं थोरला जावई कोण, हा आमच्या मुखेडच्या सासुरवाडीतला कायमचा सीमावाद. आणि धोंड्याच्या महिन्यात जावयांना जेवायला बोलावलं, की पुरणाच्या धोंड्यांचं पहिलं ताट थोरल्याचं!

यंदा सासऱ्यांनीच तोड काढली. "पाहुणे, दोघंबी लई हुशार म्हणवता ना? मग घाला एकमेकाला प्रश्न. चुकला तो धाकटा. कायमचा."

साडूनं बाह्या सरसावल्या. "खो-खोच्या मैदानात एका वेळी खेळाडू किती?"

"नऊ म्हणणारा गाढव. पाठलागाचे नऊ, पळणारे तीन. बारा!" मी उलटा डाव टाकला. "बादली, चावी, पगार, हे शब्द कुणी आणले?"

आमच्याकडं बाहेरचा कुठलाबी शब्द निजामाच्या नावावर खपतो. हा तिथंच पडेल, असा माझा हिशेब.

"पोर्तुगीजांनी," तो जांभई देत म्हणाला.

असं किती वेळ चाललं म्हणता! भिंतीवरचा कावळा ऐकून ऐकून परीक्षा पास होण्याइतका शहाणा झाला. शेवटी माझा भाता रिकामा.

"घाला जावईबापू, न्हाईतर हरलात," सासरे म्हणाले.

तोंडाला आलं ते बोललो, "भारत स्वतंत्र कधी झाला?"

साडूचे डोळे बारीक झाले. आम्ही मराठवाड्याची लेकरं. देशाचं झेंडावंदन ऑगस्टात, आणि निजामाची राजवट संपली म्हणून आपलं वेगळं सप्टेंबरात, हे बाळकडूतच मिळालेलं. इतका सोपा प्रश्न मी घालीनच कसा? गड्याला सापळ्याचा वास आला.

"मला फसवायलात व्हय? पंधरा ऑगस्ट म्हणाया मी काय लेकरू हाय? सतरा सप्टेंबर!"

सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, ते मराठवाड्याचं! त्यांनी देशाचं विचारलं."

मी पहिल्या पाटावर असा बसलो, की पाट दोन बोटं जमिनीत रुतला. तेवढ्यात मेहुणी स्वयंपाकघरातून आली आणि डोक्यावर पदर घेऊन थेट माझ्या बायकोच्या पाया पडली.

"थोरल्या बाई, आशीर्वाद द्या. आता वयानं मोठ्या तुम्ही."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "एका प्रश्नात म्हातारी केलंत व्हय मला?" आणि माझ्या ताटातली तुपाची वाटी उचलून साडूच्या ताटात पालथी केली. "घ्या, धाकटे. लाड धाकट्याचेच असतात."

तुपात बोटं बुडवून साडू म्हणाला, "थोरले, अजून एक प्रश्न घालू का?"

मी दोन्ही हात हलवून 'नको' केलं. कोरडा धोंडा घशात अडकला होता.