आपल्या माणसाचं विमान

मुकुंदराव हैदराबादेत नल्लकुंट्याला आमच्या शेजारी राहतात, आणि मला त्यांचा राग आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले तर ते शेजारधर्म म्हणून लिहिले, असं कुणाला वाटायला नको.

नोकरी विमानतळावर. विमानं उडवणं-उतरवणं त्यांच्याकडे नाही. विमान जमिनीवर अडकून पडलं तर काय करायचं, हे त्यांचं काम. आत माणसं बसलेली, दारं बंद, आणि विमान उभं करायला जागा नाही. अशा वेळी आत पाणी कुणी पोचवायचं, खायला काय द्यायचं, संडास कसे साफ ठेवायचे आणि फारच खोळंबा झाला तर शिडी लावून माणसं खाली कशी आणायची, याचा सगळा आराखडा त्यांनी बसवलेला. दर वर्षी त्याची रंगीत तालीम व्हायची. त्या दिवशी मुकुंदराव नवरदेवासारखे सकाळपासून तयार असायचे.

घरीही तोच खाक्या. सत्यनारायणाला एका भटजींना बोलावलं की दुसऱ्यांनाही ‘गरज पडली तर कळवतो’ म्हणून सांगून ठेवायचे. सुलतान बाजारात साडी घ्यायला गेले की त्यांची बायको त्रिवेणी काठ-पदर बघायची आणि हे दुकानातून बाहेर पडायची दुसरी वाट शोधायचे. “आमच्याकडे लाइट जायच्या आधीच मेणबत्ती लागते हो कुसुमताई,” ती म्हणायची, आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसायचो. तशी हसणारी मैत्रीण मला पुन्हा मिळायची नाही.

त्यांचे वडील हणमंतराव कोर्टात पेशकार होते. कुणाची शिफारस केली नाही आणि कुणाकडून करून घेतली नाही, याचा त्या घराला भारी ताठा. मुकुंदरावांना कॉलेजात प्रवेश मिळेना, तेव्हा प्राचार्य हणमंतरावांच्या रोजच्या बसण्याउठण्यातले होते. पण वडिलांनी चकार शब्द काढला नाही, आणि मुलगा वर्षभर घरी बसला. दुसऱ्या घरात ही गोष्ट कुणी सांगितली नसती. या घरात ती सणावाराला, पाहुण्यांसमोर, कौतुकाने सांगितली जायची. मुकुंदरावांची एकुलती एक लेक प्रियदर्शिनी तीच गोष्ट ऐकत मोठी झाली.

आराखड्यातलं एक कलम मुकुंदरावांनी भांडून घालून घेतलं होतं. एकदा कुठल्याशा पुढाऱ्याचा जावई ज्या विमानात होता त्याला पाळी सोडून शिडी लागली, आणि मागे राहिलेल्या विमानात एक म्हातारे गृहस्थ उकाड्याने बेशुद्ध पडले. तेव्हापासून ठरलं: आधी आजारी माणसं, मग लेकुरवाळ्या बाया, मग जे विमान आधी उतरलं ते आधी. कामावरच्या कुणीही आपल्या माणसाचं विमान पुढे घ्यायचं नाही. मात्र प्रवाशांपैकी कुणाच्या घरी कुणी अत्यवस्थ असेल, तर त्याने आतल्या कर्मचाऱ्यांना सांगावं, त्यांनी खाली निरोप द्यावा, की त्याला लगेच उतरवून घ्यायचं. नियमही झाला आणि माणुसकीही राहिली, असं ते मला मोठ्या समाधानाने म्हणाले होते.

मग त्रिवेणीला पोटाचा कॅन्सर निघाला. सगळे उपाय थकल्यावर डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तिला ते समजलं होतं. माझा हात धरून म्हणाली, “बाकी काही नको. शेवटचं पाणी तेवढं प्रियाच्या हातचं.” प्रिया अहमदाबादला नोकरीला. मधूनमधून येऊन आईपाशी राहून जायची. या वेळी मुकुंदरावांनी फोन केला तेव्हा ती मिळालं त्या विमानाने निघाली. जेवणं उरकून, त्रिवेणीपाशी मला बसवून हे तिला आणायला विमानतळावर गेले. रजेवर होते, तरी ओळखपत्र खिशात होतंच.

नेमकं त्याच दिवशी चेन्नईकडे वादळ झालं. आमच्याकडे नुसतं मळभ. पण तिकडे उतरू न शकलेली विमानं एकामागून एक आमच्या हैदराबादेत यायला लागली. उभं राहायला जागा पुरेना, शिड्या पुरेनात. प्रियाचं विमान उतरलं आणि दूर एका कडेला दारं बंद करून उभं राहिलं. मुकुंदरावांना पाहून त्यांच्या हाताखालच्या रितेशचा जीव भांड्यात पडला. “सर, बरं झालं आले तुम्ही!” मुकुंदरावांनी पिवळं जाकीट चढवलं आणि आत गेले. घरचं त्याला काही बोलले नाहीत. हे सगळं रितेशनेच मला नंतर सांगितलं.

इकडे त्रिवेणीचा श्वास बदलला. मी फोन लावला. “मुकुंदराव, प्रियाला घेऊन असाल तसे निघा.”

“विमान उतरलंय, कुसुमताई. दार उघडायचं राहिलंय.”

“मग उघडा की! कुणाची वाट बघताय?”

पलीकडे इंजिनांचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, “पाळी आली की उघडेल.”

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, “तिच्या ओठांना पाणी लावत राहा.” आणि फोन ठेवला.

लावायला गेले. कापूस भिजवून ओठांशी नेला तर तिने तोंड फिरवलं. ओठ कोरडे पडून भेगाळलेले, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि तरी ही बाई दात घट्ट आवळून दाराकडे बघत होती. “त्रिवेणी, घोटभर घे गं, अजून पुष्कळ वेळ आहे, प्रियाच्या हातचंही पिशील,” म्हणून मी किती विनवलं! आता तोंडात जाईल तेच शेवटचं, या भीतीने तिने एक थेंब घेतला नाही. नवरा तिकडे परक्यांच्या विमानांत पाण्याच्या बाटल्या पोचवत होता आणि बायको इथे तहानलेली गेली. माझा राग आहे तो याचा.

दोघं आली तेव्हा ती निवली होती. मुकुंदरावांच्या अंगावर अजून पिवळं जाकीट होतं. प्रियाने देवघरातली गंगेची लोटी आणली आणि पळीभर पाणी आईच्या तोंडात घातलं. ते ओठांच्या कडेने उशीवर ओघळलं. मुकुंदरावांनी ते जाकिटाच्या बाहीने टिपलं.

त्यानंतर ते रडले नाहीत. आल्यागेल्याशी नीट बोलायचे, दिवसांची तयारी बघायचे, किरवंताशी सामानाचं बोलायचे. त्रिवेणी गेली त्या जागी पिठावर दिवा तेवत होता, शेजारी पाण्याचा तांब्या. तांब्यातलं पाणी रोज सकाळ-संध्याकाळ प्रिया बदलायची. मी येऊन-जाऊन असायचे, पण तिने थेंबभरही पाणी घेतलं नाही हे एकदा सांगून टाकल्यावर मुकुंदरावांशी बोलत नव्हते.

सुतकातच रितेश भेटायला आला. तो बेगम बाजारातला. घरी मराठी, पण बोलणं सगळं इथल्या वळणाचं. दिव्याला हात जोडून खाली बसला. मग त्याला राहवेना.

“सर, एक शब्द बोलले असते तर पैली शिडी तिथंच लावलो असतो मी. कायकू नाही बोलले?”

“लावली असतीस,” मुकुंदराव म्हणाले. “म्हणूनच बोललो नाही.”

मला तिथल्या तिथे त्यांना झोडपावंसं वाटलं. तोंड उघडणार तेवढ्यात रितेश माझ्याकडे वळला. “मला तर काही समजलंच नाही, आंटी. सर सारखे त्याच विमानाचं विचारत होते. आतून काही निरोप आला का, आतून कुणी काही सांगितलं का. मी म्हणतो, नाही सर. की पुन्हा थोड्या वेळाने तेच.”

दिव्यात तेल घालत बसलेल्या प्रियाचा हात थांबला. ती वळून वडिलांकडे बघायला लागली.

“बाबा, आत विचारलं होतं,” ती म्हणाली. “एअर होस्टेस प्रत्येक रांगेपाशी थांबून विचारत होती, कुणाला इमर्जन्सी आहे का म्हणून. माझा हात अर्धा वर गेला होता. पण समोरचा एक जण मीटिंग आहे म्हणून ओरडत होता, आणि सगळे त्याच्याकडे इतकं वाईट बघत होते... खिडकीतून तुम्ही दिसत होता. दुसऱ्या विमानाच्या शिडीवरून एका आजींना हात धरून उतरवत होता. वाटलं, माझं नाव खाली गेलं तर लोक म्हणतील, साहेबांची मुलगी आहे, म्हणून काढली. म्हणून हात खाली घेतला.”

मुकुंदराव उठून उभे राहिले आणि लगेच खाली बसले.

“अगं, तुला मुभा होती,” ते म्हणाले. “मला नव्हती. तुला होती. ते कलम त्यासाठीच होतं ना! मला खात्री होती, माझी पोर आतून सांगेल. मी शिडी घेऊन निरोपाची वाट बघत होतो, प्रिया. एक निरोप आला असता की...”

“तुम्ही कधी सांगितलं होतं का मला, की असं सांगायचं असतं?” प्रियाने विचारलं. आवाज चढवून नाही; अगदी साधं विचारलं. “मला फक्त आजोबांची गोष्ट सांगितलीत.”

तेव्हा मुकुंदराव रडले. मोठ्याने, रितेशसमोर, माझ्यासमोर. इतक्या वर्षांत त्या घरातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. प्रत्येक गोष्टीला दुसरी वाट शोधून ठेवणारा हा माणूस. इथेही त्याने शोधून ठेवली होती, आणि ज्या लेकीला त्या वाटेने यायचं होतं तिला त्यानेच मुकं वाढवलं होतं. माझ्या तोंडाशी आलेलं सगळं बोलणं मी गिळलं. राग अजून आहे. पण त्या वेळी कुणावर काढायचा, ते कळेना.

संध्याकाळ झाली. प्रिया तांब्या उचलून आत पाणी बदलायला निघाली, तर मुकुंदरावांनी हात पुढे केला. तिने तांब्या त्यांच्याकडे दिला. ते स्वतः जाऊन भरून घेऊन आले, दिव्याशेजारी ठेवला आणि दिव्याकडे बघून म्हणाले, “घे गं, आता तरी घे.”