परीक्षेची वीस मिनिटं

मी नानांचा अपमान केला, अशी चर्चा संस्थेच्या ग्रुपवर तीन दिवस चालू आहे. म्हणून वसतिगृहाची अधीक्षक या नात्याने लिहावं लागतंय.

रविवारी धुळ्याला, देवपूरच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाची प्रवेश परीक्षा होती. जागा वीस, मुली चाळीस... आणि पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर. अध्यक्षांनी अकराला बटण दाबलं की पेपर सुरू, बाराला आपोआप बंद.

आमचे अध्यक्ष नाना उशिरा येतात आणि आल्यावर हॉलचं घड्याळ मागे घ्यायला लावतात. त्यामुळे इतिवृत्तात आमचा प्रत्येक कार्यक्रम वेळेवर!

या वेळी आले अकरा वीसला. लगेच जळगावच्या सॉफ्टवेअरवाल्या योगेशला फोन... "भाऊ, तुझ्या मशीनमध्ये अकरा वाजव ना!" त्याने सर्व्हरचं घड्याळ वीस मिनिटं मागे घेतलं.

आमचा सर्व्हर क्लाउडवर आहे, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं भाड्याचं मशीन. त्या कंपनीची यंत्रणा मधूनमधून घड्याळं तपासते. ऐन बाराला, आमच्या मशीनमध्ये अकरा चाळीसच झाले असताना, तिने चूक दुरुस्त केली... चाळीस स्क्रीन एकदम बंद.

सातपुड्याच्या पायथ्याहून पहाटेच्या एसटीने आलेली सविता उभी राहिली. "मॅडम, पाच गणितं राहिली. मला येत होती हो."

योगेश फोनवर म्हणाला, रेकॉर्डला अकरा ते बारा, पूर्ण तास आहे. नाना खूश. "रिपोर्टमा बठ्ठं बरोबर शे, बाई!" म्हणजे कागदावर सगळं बरोबर.

ज्या मशीनचं घड्याळ फिरवलं, त्याचीच साक्ष काढता? मी विचारलं. "मग तुमच्याकडे काय पुरावा?" नाना म्हणाले.

पुरावा नानांनीच दिला होता. बटण दाबतानाचा स्वतःचा फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला होता... 'ठीक अकरा वाजता शुभारंभ.' खाली मेसेजची वेळ, ११.२१. मी ते मोठ्याने वाचलं, मुली हसल्या. हाच तो अपमान.

पेपर वीस मिनिटांसाठी पुन्हा उघडला. नाना चहा न घेता शेवटपर्यंत थांबले, हेही लिहून ठेवते.

पुढच्या वर्षीपासून वेळ त्या मशीनला विचारायचीच नाही. ती बाहेरच्या दोन वेगळ्या ठिकाणांहून येईल, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पेपर उघडणार नाही. योगेशकडून तसं लेखी घेतलंय. मशीन भाड्याचं असू दे... वेळ मात्र कोणाच्या मुठीत नको.

मुलींची वेळ त्यांना सुपूर्द केल्याची नोंद: प्रत्येक मुलीला वीस मिनिटं. पोच म्हणून सह्या चाळीस... सविताची सगळ्यात शेवटी, पाचवं गणित सोडवून झाल्यावर.