वर दात, खाली ओठ

इंग्रजी ही मराठीची पळून गेलेली चुलतबहीण आहे आणि तिला समजावून घरी आणायची जबाबदारी देवानं आपल्यावर टाकली आहे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या दुनियेत एकच असेल, आणि तो तापीकाठच्या आमच्या गावात, लालबागला, आमच्या भिंतीपलीकडे राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाले, पण घरच्या ओट्यावर क्लास चालूच. बाकीचे मास्तर शब्दाचा अर्थ सांगतात, काका शब्दाचं खानदान काढतात, एकदम स्थळ बघायला गेल्यासारखं. मूळ गाव कोणतं, आडनाव कधी बदललं, मध्ये फ्रान्सात कोणाकडे मुक्काम केला, सगळं. एकदा धूलकोट गावाहून बसनं येणाऱ्या एका पोरानं सहज विचारलं, "सर, सर्व्हाइव्ह मतलब जिंदा रहना ना?" झालं! पोराची बस सुटली, पण काका काही सुटेनात.

"जिंदा राहायला लिव्ह हाय ना रे भो! मग इंग्रजांनी हा दुसरा कशाला ठेवला? बघ. मागचा तुकडा व्हाइव्ह, लॅटिनचा, म्हणजे जगणं. तो अन् आपला जीव, चुलतभाऊ! पुढचा तुकडा सर, म्हणजे जुना सुपर. त्याचा इकडचा भाऊ संस्कृतातला उपरि, अन् तो घसरत घसरत मराठीत काय झाला? वर! आता जोड."

पोरगं घाबरत म्हणालं, "वर... जीव?"

"वर जीव!" काकांनी अशी टाळी वाजवली की समोरच्या तारेवरची कबुतरं उडाली. "तापीचा पूर आला, उतरला, माणूस त्याच्याही वर उरला, तो सर्व्हाइव्ह. नुसतं खाऊन-पिऊन जगण्याला हा शब्द नाही वापरायचा. आधी काहीतरी अंगावरून जावं लागतं."

मी तिथं मस्करी करायलाच उभा होतो, पण खरं सांगतो, अंगावर काटा आला. इतकी वर्षं हा शब्द मोबाइलच्या गेममध्ये बघत होतो, आणि आत आपलाच जीव बसलेला!

मग महिनाभर काकांनी त्या शब्दाला सुट्टी दिली नाही. मावा जिलेबीच्या दुकानात गेले की कढईकडे बघून सांगायचे, "आपल्या हद्दीत जिलेबी सर्व्हाइव्ह करत नसते." इंग्रजी पेपरातल्या निधनाच्या बातम्या तर ते क्रिकेटच्या स्कोअरसारख्या मोठ्यानं वाचायचे. "बघ, आपण म्हणतो पश्चात पत्नी. इंग्रज काय म्हणतो? बायकोनं ह्याला सर्व्हाइव्ह केलं! म्हणजे हा गेला, अन् ती ह्याच्या वर जगली." आतून काकूंचा आवाज, "चाळीस वर्षं तेच तर करते आहे! अहो, चहा घेता का?" ह्यावर काकांचं रोजचं एकच उत्तर, क्लास थांबवून, गल्ली दणाणेल असं, "व्हेरी वेल!" मग पोरांकडे वळून, "पहिला व्ही, त्याला वर दात, खाली ओठ. दुसरा डब्ल्यू, त्याला ओठ गोल. चहासुद्धा शुद्ध मागावा."

मी लग्नांत, गणपतीत नकला करतो. मोहल्ल्यात ज्यांची ज्यांची केली, ते सगळे एकदा तरी चप्पल घेऊन मागे लागलेत. काकांची केली तेव्हा ते थेट स्टेजच्या मागेच आले. मी पळायच्या तयारीत. म्हणाले, "चाल बरोबर, खोकला बरोबर, पण व्ही कच्चा. माझा ओठ दाताखाली जातो, तुझा हवेतच लटकतो. उद्यापासून ओट्यावर ये." मतलब, स्वतःची नक्कल स्वतः बसून शिकवणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी रोज व्हेरी वेल करायचो, आणि काका रोज नापास करायचे.

मागच्या वर्षी त्यांचा घसा बसला, तो उठलाच नाही. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव राहील, बोलणं जाईल. निघायच्या सकाळी काकांनी भिंतीवरून हाक मारली, आवाज म्हणजे नुसती खरखर. "काय रे भो, कर नक्कल." मी केली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "व्ही पास." माझ्याशी बोललेले त्यांचे शेवटचे शब्द तेच.

आता काका गळ्याला रुमाल बांधून फळ्यावर लिहितात, आणि मी बाजूला उभा राहून त्यांच्या आवाजात शिकवतो. पोरं पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी लिहून घ्यायला लागली. मला इंग्रजी किती येतं ते विचारू नका. काका लिहितात, मी गरजतो, चुकलं की खडू फेकून मारतात.

परवा क्लास रंगात आला होता. काका फळ्याशी, मी त्यांच्या आवाजात कुठल्याशा शब्दाचं आजोळ सांगतोय, आणि आतून काकूंनी सवयीनं हाक मारली, "अहो, चहा घेता का?"

खडू थांबला. काकांचा खालचा ओठ आपोआप दाताखाली गेला. आणि तिथंच राहिला. पोरं खाली बघायला लागली. काका माझ्याकडे वळले आणि उत्तर विचारताना पोराकडे करतात तसं खडूचं टोक माझ्याकडे केलं.

मी वर दात, खाली ओठ केला आणि गल्ली दणाणेल असं म्हणालो, "व्हेरी वेल!"

आतली भांडी एकदम गप्प झाली. मग गॅस पेटल्याचा आवाज झाला, आणि काकू म्हणाल्या, "दोघांचा टाकते."