नातीचं ट्रॅम्पोलिन आणि आमचे व्याही

फरीदाबादच्या घरामागे थोडी हिरवळ आहे. सहा वर्षांच्या नातीने तिथे ट्रॅम्पोलिन मागितलं. सूनबाई म्हणाली, "आणा बाबा. पण माझी खात्री पटल्याशिवाय ती त्यावर चढणार नाही. नाहीतर सुट्टीत आम्ही माझ्या माहेरी जातो, तिथे सोसायटीत पार्क आहे."

माहेर म्हणजे आमचे व्याही, केंद्र सरकारातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. मुलांचं लग्न ठरताना ते आपल्या बायकोला माझ्याबद्दल हळूच म्हणाले होते, "माणूस धंद्यातला आहे, पैसा वाचवायला काहीही करेल." मी दाराबाहेरच उभा होतो. ते मी अजून विसरलेलो नाही, आणि नात दर सुट्टीत त्यांच्याकडेच जाते हेही विसरत नाही. यंदा ती माझ्याकडे राहायला हवी होती.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या फुटपाथवर पानिपतच्या चादरी विकून मी धंद्यात उभा राहिलो. त्यामुळे खेळण्यांच्या दुकानात शिरलो तो संशय घेऊनच. मांडून ठेवलेल्या ट्रॅम्पोलिनच्या नळीला लोहचुंबक लावलं, उडी मारायचं कापड उलटं करून शिवण ओढून पाहिली, स्प्रिंगांवरची गादी दाबली.

"अंकलजी, इम्पोर्टेड माल है. आंख बंद करके ले जाइए."

"आंख बंद करके तो मैं मंदिर में भी खड़ा नहीं रहता. चप्पल चली जाती है."

मी भाव निम्म्यावर आणला. वर जाळी आणि पाय जमिनीत ठोकायचे हूक फुकट मागितले. बिलही नको म्हटलं, तेवढाच टॅक्स सुटला. तो लगेच हो म्हणाला. एवढ्या लवकर कुणी हो म्हणत नाही. पण जिंकल्यावर कोण विचार करतो?

खोकी घरी आली. मी भिंत आणि कडुलिंबाच्या फांद्या सोडून मधली जागा निवडली, गवंड्याची लेव्हल लावून जमीन सपाट केली, हूक ठोकले, जाळी ताणली. रविवारी व्याही नारळ घेऊन हजर.

"नवी वस्तू आहे, नारळ वाढवायला हवा."

"पायरीवर वाढवा, साहेब."

"वस्तूचा नारळ वस्तूपाशीच," म्हणत त्यांनी तो थेट एका पायावर, जोडाच्या ठिकाणी आपटला. नारळ फुटला नाही. रंग उडाला आणि आतून पांढरी पुट्टी गळली. मी किल्लीने खरवडलं. वेल्डिंगमध्ये नख जाईल एवढी फट होती. नातीने चार उड्या मारल्या असत्या तर पाय तिथेच तुटला असता.

सूनबाईने मुलीचा हात धरून तिला आत नेलं.

"असू द्या हो," व्याही म्हणाले. "दुकानात जाऊ, मी येतो बरोबर."

रस्ताभर माझ्या डोक्यात एकच. चार पाय, एवढे जोड, आणि ह्यांना नेमका तोच कसा सापडला? अजूनही मला तो योगायोग वाटत नाही.

दुकानात मी एवढा ओरडलो की शेजारचे दुकानदार जमले. दुकानदार हलला नाही. "अंकलजी, वो पीस दिखाने का था. आपके रेट में यही आता है."

व्याह्यांनी चष्मा पुसला. "मी बोलतो. बिल द्या."

मी पंख्याकडे पाहिलं.

"बिल, व्याही?"

"घेतलं नाही."

ते हसले असते तर मी भांडलो असतो. हसले नाहीत. शेवटी मी दुकानात मांडलेलंच उचललं, छापील किमतीला, पक्क्या बिलासकट. आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही. घरी नेण्याआधी तिथेच प्रत्येक जोड किल्लीने खरवडून पाहिला, रंग खराब होतो म्हणून दुकानदार बोंबलला तरी.

सूनबाईने ते स्वतः हलवून पाहिलं, गादीखाली हात घालून स्प्रिंगा चाचपल्या, जाळीची चेन दोनदा लावली. मग मुलीला म्हणाली, "एका वेळी एकच. चपला बाहेर. आणि आजोबा इथे बसलेले असतील तरच." माहेरी फोन करून तिने सांगितलं की सुट्टीत आम्ही इथेच आहोत.

"आजोबा, बघा ना, किती उंच!" नात ओरडली.

"बघतोय, बघतोय."

मी खुर्ची पुढे ओढली. मी ट्रॅम्पोलिनचे पाय बघत होतो.