एका गंजातले पाच नंबर

सिंदेवाहीच्या बाजारात आम्ही पाच मासोळीवाल्या एका ओळीत बसतो. गिऱ्हाईक नसलं की तोंड चालतं. म्हणून मासोळी कधी कधी उरते, पण किस्से रोजच साचतात. मसाल्याच्या कंपनीचे तर एकाच बाजारच्या दिवशी साचले.

*

टायवाला साहेब माईक घेऊन आला. "माताभगिनींनो, आमच्या मसाल्यात मासोळी शिजवा, फ्रीजर जिंका!" गाडीवर पांढरी पेटी चमकत होती. मी तिच्यावरून नजरच काढली नाही. दुपारनंतर मासोळी नरम पडते. मग गिऱ्हाईक म्हणेल त्या भावात द्या, नाही तर फेका. मले ती पेटी पाहिजेच होती!

साहेबानं प्रत्येकीला मसाल्याची पाकिटं वाटली. माझ्या शेजारी बसणाऱ्या सुमनबाईनं एक फोडून हुंगलं. "तिखट हाय बापा! पण वास कायचा हाय?"

*

आता आमच्या ओळीत चूल एकच पेटते. जिची जी मासोळी असेल ती एकाच गंजात, मोठ्या पातेल्यात, पडते आणि सगळ्या त्यातलंच जेवतात. स्पर्धा आली म्हणून काय पाच चुली पेटवायच्या? एकाच गंजातून पाच वाट्या भरल्या आणि टेबलावर मांडल्या.

नंबर द्यायला कंपनीनं नागपूरच्या एक मॅडम आणल्या होत्या. त्यांनी पहिली वाटी चाखली. "वा, घरगुती टेस्ट!" दुसरी चाखली. "मीठ कमी." तिसरीनंतर पाणी मागितलं. "हे फारच तिखट!"

सुमनबाई माझ्या कानात म्हणते, "हिची जीभ दर वाटीले बदलून राह्यली का वं?"

*

पहिला नंबर माझा! सुमनबाईचा पाचवा. आतापर्यंत हसणारी बाई एकदम फुगली. "माह्या भाजीत काऊन खोट काढली?"

"अवं, गंज एकच हाय ना!"

"मंग तुह्या वाटीत चांगला रस्सा काऊन गेला?"

जेवायला बसली तीही पाठ फिरवून. त्याच गंजातलं दोनदा वाढून घेतलं मात्र!

*

पेटी देण्याआधी साहेबानं मोबाईलचा कॅमेरा धरला. "ताई, फक्त एवढं सांगा, आमचा मसाला कसा वाटला?"

मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, "लय कामाचा हाय. मासोळीत तर आमी घरचंच तिखट टाकलं. तुमचा सारा मसाला माह्या दिरानं तवाच नेऊन धानाच्या बांधावर फेकला. रानडुकरं लय माजली होती. आता पाहू, कोन्तं डुक्कर शेतात येते!"

मोबाईल खाली आला. मॅडमचं तोंड उघडंच. साहेबानं हमालांना खूण केली आणि अर्धी उतरलेली पेटी परत गाडीवर चढली. मी पदर खोचला, गाडीसमोर जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी हलले नाही.

शेवटी साहेब खाली उतरला. इकडंतिकडं पाहिलं, टाय सैल केला आणि हळूच म्हणाला, "बाई, जिवतीले माह्या बापाचं शेत हाय. डुकरायनं सारं खाऊन टाकलं. एका एकराले किती पाकिटं लागतीन?"

म्हटलं, "आधी पेटी उतरव. मंग सांगीन."