दमाची गोळी, दम्याची गोळी

चौक गावच्या मैदानात, भरल्या लोकांत, पंचाने माझी पिशवी उलटी केली. मातीत पडलं सगळं. साडी, परकर, भाकरीचं फडकं. आणि कागदाची पुडी. त्याने ती उघडली. आत तीन पांढऱ्या गोळ्या.

"गोळ्या खाऊन बाईचा गडी झाला रं!" दोरीपलीकडून कुणीतरी ओरडला. माणसं हसली. मी हाफ पँटवर उभी. साडी उचलायला वाकले, तर पंच म्हणाला, "हात लावू नको."

कबड्डीचा सामना मी माझ्या एकटीच्या चढायांवर काढला होता. हरलेल्या संघाने तक्रार केली.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे मी कुंभिवलीच्या ज्या कारखान्यात डबे भरायची, तिथले साहेब. गोळ्या त्यांच्याच. सामन्याआधी स्वतः तळहातावर ठेवायचे. पहिल्यांदा मी विचारलं, "कसली हाय?"

"दमाची. चढाईत दम टिकतो."

खाल्ली की छाती धडधडायची, झोप उडायची. ही साधी गोळी नाही, हे मला कळलं होतं. तरी खाल्ली. जिंकायचं होतं. जिंकलीस तर कामावर कायम करतो, असं साहेब म्हणाले होते.

त्या दिवशी ते तिथेच उभे होते. पंचाला म्हणाले, "मला काही कल्पना नाही. या लोकांचं काय सांगावं?"

मी म्हटलं, "समद्यांच्या पिशव्या बघा."

नीलाच्या पिशवीत तसाच कागद निघाला. त्याच गोळ्या. नीला साहेबांची भाची, कर्जतच्या वकिलाची मुलगी, आमच्याच संघात. साहेब लगेच म्हणाले, "ती दम्याची गोळी आहे. तिला दमा आहे."

पंचाने मान हलवली. पुडी परत ठेवली. पिशवीचा बंदही बांधून दिला.

दमाची आणि दम्याची. एवढ्या फरकाने ती आजारी ठरली, मी लबाड. अख्खं वर्ष ती माझ्या बाजूला खेळली. तिला धाप लागलेली मी एकदाही पाहिली नाही. असेलही दमा. माझा विश्वास नाही.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "माईकवर माफी माग. वर्षाची बंदी लागेल, कामाचं मी बघतो. माझं नाव घेतलंस तर खेळ गेला, कामही गेलं."

मी माईक घेतला. "गोळी मी खाल्ली. सायबानं दिली. नीलाताईनंबी तीच खाल्ली. शिक्षा तिघांना करा." शेवटचं वाक्य लोकांना ऐकू गेलं नाही. कुणीतरी वायर ओढली होती.

मला कायमची बंदी. सोमवारी कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवलं. नीला पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या संघात गेली.

बारा वर्षांनी मंडळाचा माणूस दारात आला. "मावशी, तुमची बंदी उठवली. सायबांचा सत्कार हाय, तुमी पन या. हितं सही करा."

एवढ्या वर्षांनी दया कशी सुचली? चौथीपर्यंत शिकले आहे. कागद वाचला. 'एका खेळाडूने केलेली चूक मंडळ मोठ्या मनाने माफ करत आहे. मंडळाचा त्यात काही संबंध नव्हता, हे तिला मान्य आहे.' खाली माझ्या सहीची जागा.

"करा की, मावशी. झालं गेलं सोडा."

"नाय सोडत. मी खाल्ली, माझी बंदी मी मरेपर्यंत भोगीन. ती उठवायची नाय. त्या दोघांवर लावायची राह्यलीय, ती आधी लावा."